मेरी वुलस्टनक्राफ्ट

लंडन शहराच्या पूर्व भागात स्पिटलफील्ड्स नावाची विणकरांची वस्ती होती. अठराव्या शतकात तेथील घराघरांतून रेशमाच्या मागांचा खडखडाट ऐकू येत असे. या वस्तीतील एका उद्योगी गृहस्थाने रेशमाच्या धंद्यात चांगली माया जमवली होती. त्याच्या मुलाच्या घरी २७ एप्रिल १७५९ रोजी एक कन्या जन्मास आली. तिचे नाव मेरी. सात भावंडांत तिचा क्रमांक दुसरा होता.

आजोबा वारले तेव्हा आपल्या संपत्तीचा मोठा वाटा त्यांनी मेरीच्या थोरल्या भावाच्या नावे ठेवला होता. मेरीच्या वाट्याला काहीच आले नाही. आणि यात कोणाला काही वावगेही वाटले नाही. मुलगा हा घराण्याचा वारस आणि मुलगी हे परक्याचे धन, अशीच समजूत त्या काळी त्या देशातही रूढ होती.

मेरीचे वडील एडवर्ड यांना वडिलोपार्जित धंदा कमीपणाचा वाटे. मोठा जमीनदार होऊन प्रतिष्ठितांत मिरवावे, या हौसेने त्यांनी शेती घेतली. शेतीचे ज्ञान मात्र त्यांना नव्हते. एका ठिकाणी बूड आली की ते बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी जात. अशा रीतीने एपिंग, बार्किंग, यॉर्कशर परगण्यातील बेव्हरली, पुढे वेल्स असा कुटुंबाचा प्रवास होत राहिला आणि प्रत्येक मुक्कामात वडिलार्जित पैसा कमी कमी होत गेला. त्यातच एडवर्ड यांना मद्याचे व्यसन जडले. नशेच्या भरात ते पत्नीवर हात उगारीत. अशा वेळी लहानगी मेरी धावत जाऊन आईच्या व त्यांच्या मध्ये उभी राही आणि आईवर पडणारे तडाखे स्वतःच्या अंगावर झेली. कित्येकदा ती रात्रभर आईवडिलांच्या खोलीच्या दाराबाहेर, जिन्याच्या माथ्यावर पडून राहत असे. आत काही घडू लागलेच, तर आपल्याला आईच्या मदतीला जाता यावे, एवढाच तिचा हेतू होता.

त्या थंडगार फरशीवर जागत पडलेल्या मुलीच्या मनात एक प्रश्न रुजला. आई हे सारे का सोसते? ती येथून निघून का जात नाही? या प्रश्नाचे उत्तर मेरीला पुढे कळले. त्या काळच्या इंग्लंडमधील कायद्याने विवाहित स्त्रीला स्वतंत्र अस्तित्वच ठेवले नव्हते. तिने मिळवलेला पैसा पतीचा, तिच्या हातातील चीजवस्तू पतीच्या, एवढेच नव्हे, तर तिच्या पोटच्या मुलांवरही ताबा पतीचाच. घर सोडून ती जाणार तरी कोठे? आणि गेली तरी जगणार कशावर?

मेरीच्या शिक्षणाची व्यवस्था यथातथाच होती. बेव्हरली येथे थोरल्या भावाला चांगल्या शाळेत घातले गेले. मेरीला काही वर्षे एका साध्या शाळेत धाडले, तेवढीच काय ती तिची शाळा. परंतु ज्ञानाची भूक मोठी होती. एका मैत्रिणीचे वडील विज्ञानावर व्याख्याने देत. ते आपल्या मुलीबरोबर मेरीलाही शिकवीत. पुढे कुटुंब लंडनजवळील हॉक्स्टन येथे आले, तेव्हा शेजारच्या एका वृद्ध धर्मोपदेशकाने व त्याच्या पत्नीने तिला आपल्या घरी बोलावून वाचनाची गोडी लावली. तेथेच तिची फॅनी ब्लड नावाच्या मुलीशी ओळख झाली. फॅनी सुंदर चित्रे काढी आणि ती विकून घरखर्चाला हातभार लावी. तिचे अक्षर वळणदार व भाषा नीटनेटकी होती. आपणही असे लिहावे, असे मेरीला वाटू लागले. या दोघींचा स्नेह आयुष्यभराचा ठरला.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १७७८ मध्ये, मेरीने स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे ठरवले. पण कुलीन घरातील मुलीने करावे असे काम तरी कोणते होते? एखाद्या श्रीमंत विधवेची सोबतीण व्हावे, मुलींना शिकवावे किंवा शिवणकाम करावे. चौथी वाट नव्हती. मेरीने या तिन्ही वाटा चालून पाहिल्या. बाथ या गावी ती एका विधवेची सोबतीण म्हणून राहिली. आईच्या अखेरच्या दुखण्यात ती नोकरी सोडून परत आली आणि आईची तिने मनोभावे शुश्रूषा केली. १७८२ मध्ये आई वारली. मग मेरी फॅनीच्या घरी राहू लागली. तेथे फॅनीची आई रात्री उशिरापर्यंत शिवण शिवी, त्यात मेरी तिला मदत करी.

याच सुमारास तिच्या धाकट्या बहिणीवर मोठे संकट ओढवले. एलायझाचे लग्न होऊन तिला एक मुलगी झाली होती. बाळंतपणानंतर तिचे मन खचले, आणि सासरी राहणे तिला असह्य होऊन गेले. १७८४ च्या आरंभी मेरीने तिला गुपचूप त्या घरातून बाहेर काढले. कोणी माग काढू नये म्हणून वाटेत त्यांनी गाडी बदलली. एलायझा सुटली, पण तिचे तान्हे मूल मागेच राहिले. कायद्याने ते मूल बापाचे होते, आईला ते नेता येत नव्हते. वर्ष पुरे होण्याच्या आतच ते बालक दगावले. बहिणीला वाचवल्याचे समाधान आणि त्या बालकाचे दुःख, ही दोन्ही मेरीने जन्मभर वागवली.

त्याच वर्षी मेरी, एलायझा व फॅनी यांनी मिळून लंडनच्या उत्तरेस न्यूइंग्टन ग्रीन येथे मुलींची शाळा काढली. लवकरच तिसरी बहीण एव्हरिना हीही त्यांना येऊन मिळाली. या गावी रिचर्ड प्राइस नावाचे विद्वान धर्मोपदेशक राहत. ते गणिती होते, राजकीय स्वातंत्र्याचे कैवारी होते. प्रत्येक माणसाला ईश्वराने विवेक दिला आहे, तेव्हा कोणत्याही माणसाने आंधळेपणाने दुसऱ्याच्या आज्ञेत राहू नये, असे ते सांगत. मेरी त्यांची प्रवचने लक्षपूर्वक ऐके. हा विवेक जर प्रत्येक माणसाला आहे, तर तो स्त्रीलाही असलाच पाहिजे, हे अनुमान तिने स्वतः काढले.

परंतु शाळेचे दिवस सुखाचे फार काळ राहिले नाहीत. फॅनी विवाह करून पोर्तुगालमधील लिस्बन शहरी गेली. १७८५ मध्ये तिचे बाळंतपण जवळ आले, तेव्हा मेरी समुद्रप्रवास करून तिच्याजवळ पोहोचली. पण फॅनी वाचली नाही. मेरी परतली तो शाळेची घडी विस्कटलेली. कर्ज झाले होते. १७८६ मध्ये शाळा बंद करावी लागली. या अडचणीच्या काळात तिने मुलींच्या शिक्षणावर एक लहानसे पुस्तक लिहिले. लंडनचे प्रकाशक जोसेफ जॉन्सन यांनी त्याबद्दल तिला दहा गिनी दिल्या. स्वतःवर कर्जाचा बोजा असताना ते पैसे तिने फॅनीच्या वृद्ध आईवडिलांच्या प्रवासासाठी देऊन टाकले.

त्यानंतर आयर्लंडमधील मिचेल्सटाउन येथील एका मोठ्या सरदार घराण्यात ती मुलींची शिक्षिका म्हणून राहिली. वाड्यात ऐश्वर्याला तोटा नव्हता. पण घरच्या मालकिणीला आपल्या मुलींपेक्षा आपल्या कुत्र्यांचे कौतुक अधिक होते, असे मेरीला दिसून आले. दरिद्री घरातील स्त्रियांची दुःखे तिने पाहिली होतीच. श्रीमंत घरातील स्त्रीचे मनही शिक्षणावाचून कसे रिकामे राहते, हे तिने येथे पाहिले. मुलींना मात्र आपली शिक्षिका फार आवडे. त्यांपैकी मार्गारेट हिने तर पुढे वैद्यकाचा अभ्यास केला आणि इटलीतील पिसा शहरी गोरगरिबांना औषधोपचाराचा सल्ला दिला. मुलींचा शिक्षिकेकडे वाढलेला ओढा मालकिणीला रुचला नाही. १७८७ च्या ऑगस्टमध्ये मेरीची नोकरी गेली.

मेरी तडक लंडनला जॉन्सन यांच्याकडे गेली आणि लेखणीवर पोट भरण्याचा आपला निश्चय तिने त्यांना सांगितला. स्त्रीने लेखनावर उपजीविका करावी ही गोष्ट त्या काळी दुर्मीळ होती. आपण एका नव्या प्रकारच्या स्त्रियांतील पहिली ठरणार आहोत, असे तिने एव्हरिनाला पत्राने कळवले. जॉन्सन यांनी तिला राहण्यास घर पाहून दिले व कामही दिले. ती फ्रेंच व जर्मन भाषा शिकली, त्या भाषांतील ग्रंथांची भाषांतरे केली, मुलांसाठी गोष्टी लिहिल्या आणि जॉन्सन यांच्या मासिकात ग्रंथपरीक्षणे लिहू लागली. मिळालेल्या पैशांतून तिने एव्हरिनाला फ्रेंच शिकण्यासाठी पॅरिसला पाठवले आणि धाकट्या भावांचीही सोय लावून दिली.

जॉन्सन यांच्या घरी लेखक, चित्रकार व विचारवंत यांची ऊठबस असे. कवी व चित्रकार विल्यम ब्लेक तेथे येत. मेरीच्या मुलांसाठीच्या गोष्टींना त्यांनीच चित्रे काढली. टॉमस पेन हेही तेथे येत. याच पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ पुढे अर्धशतकानंतर पुण्यात तरुण जोतीराव फुले यांच्या हाती पडला व त्यांच्या विचारांना त्याने मोठी चालना दिली. १८४८ मध्ये जोतीरावांनी व सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा उघडली, हे सर्वांस ठाऊक आहेच.

१७८९ मध्ये फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. प्राइस यांनी लंडनमध्ये तिचे स्वागत केले. तेव्हा एडमंड बर्क या प्रख्यात मुत्सद्द्याने १७९० च्या नोव्हेंबरात एक ग्रंथ लिहून क्रांतीवर व प्राइस यांच्यावर कडाडून टीका केली. आपल्या वृद्ध गुरूवरील हा हल्ला मेरीला सहन झाला नाही. तिने उत्तर लिहावयास घेतले. पाने लिहून होतील तशी ती छापली जात होती. पण अर्ध्यावर येऊन तिचा धीर सुटला. एवढ्या मोठ्या माणसाला आपण काय उत्तर देणार, असे वाटून ती जॉन्सन यांच्याकडे गेली. जॉन्सन यांनी तिला बोल लावला नाही. तिची इच्छा असेल तर छापून झालेले फर्मे आपण आनंदाने बाजूला टाकू, असे ते शांतपणे म्हणाले. त्या सौजन्याने मेरीचा स्वाभिमान जागा झाला. ती तशीच घरी परतली आणि तिने पुस्तक पुरे केले. बर्क यांचा ग्रंथ बाहेर पडून महिनाही झाला नव्हता, तोच तिचे उत्तर प्रसिद्ध झाले. पहिल्या आवृत्तीवर लेखकाचे नाव नव्हते. दुसऱ्या आवृत्तीवर एका स्त्रीचे नाव पाहून वाचक चकित झाले.

मानवाच्या हक्कांची बाजू मांडताना मेरीच्या ध्यानात एक गोष्ट आली. हक्कांची भाषा बोलणाऱ्या थोर पुरुषांच्या मनात मानव म्हणजे केवळ पुरुष होता. फ्रान्समधील तालेराँ या मुत्सद्द्याने १७९१ मध्ये राष्ट्रीय शिक्षणाची एक योजना तयार केली. तीत मुलींना घरकामापुरते शिक्षण पुरे मानले होते. रूसो या तत्त्वज्ञाने तर १७६२ मधील आपल्या ग्रंथात स्त्रीचे शिक्षण पुरुषाला संतुष्ट ठेवण्यासाठीच असावे, असे प्रतिपादन केले होते. या मतांचा समाचार घेण्यासाठी मेरीने अवघ्या सहा आठवड्यांत एक ग्रंथ लिहिला. स्त्रियांच्या हक्कांचे समर्थन करणारा हा ग्रंथ १७९२ मध्ये प्रकाशित झाला. तो तिने तालेराँ यालाच अर्पण केला.

या ग्रंथात तिने काय सांगितले? स्त्रिया चंचल असतात, त्यांना नटण्याचीच आवड असते, गंभीर विचार त्यांना पेलत नाही, असे लोक म्हणत. कित्येक स्त्रिया तशा आहेत, हे मेरीने नाकारले नाही. पण त्या तशा का झाल्या, हे तिने विचारले. तिने सैन्यातील अधिकाऱ्यांचे उदाहरण दिले. तरुण अधिकाऱ्यांना ऐटदार पोशाख व शिष्टाचार शिकवतात, विचार करण्यास शिकवीत नाहीत. मग तेही स्त्रियांप्रमाणेच नटवे व उथळ बनतात. ते तर पुरुष असतात! यावरून दोष जन्माचा नसून शिक्षणाचा आहे, हे उघड होते. मनाला अन्न द्यावयाचे नाही आणि मग ते दुर्बळ आहे म्हणून हसावयाचे, हा कोठला न्याय?

मुलींना बाहुल्यांची व दागिन्यांची आवड उपजतच असते, असे रूसोने लिहिले होते. मेरीने त्याला अनुभवाचा आधार घेऊन उत्तर दिले. तिने स्वतः कितीतरी मुलींना वाढताना पाहिले होते. मोकळेपणी हिंडू दिलेली मुलगी मुलांच्या बरोबरीने उड्या मारते व धावते. जिला दिवसभर खोलीत बसवून ठेवले, ती बाहुलीशी खेळणार नाही तर काय करणार?

स्त्री व पुरुष यांच्यासाठी सद्गुण निराळे असू शकत नाहीत, हे तिचे मुख्य तत्त्व. जो स्वतः विचार करीत नाही, केवळ दुसऱ्याच्या भयाने चांगले वागतो, त्याचे चांगुलपण खरे नव्हे. म्हणून स्त्रीला सद्गुणी व्हावयाचे तर तिची बुद्धी आधी मोकळी झाली पाहिजे. जिला स्वतःला न्याय-अन्याय कळत नाही, ती माता मुलांना तो कसा शिकवणार? पतिपत्नींचे नातेही मालक व दासी यांचे नसावे, ते दोन मित्रांचे असावे, असे तिचे म्हणणे होते. स्त्रियांनी वैद्यक शिकावे, शेती पाहावी, दुकान चालवावे आणि स्वकष्टाने भाकरी मिळवावी, असे तिने सुचवले. राज्यकारभारातही स्त्रियांचे प्रतिनिधी असावेत, असा विचार तिने भीत भीत का होईना, मांडला. पुरुषांना कमी लेखण्याचा तिचा हेतू नव्हता. स्त्रीने आपल्या जीवनाची सूत्रे आपल्या हाती घ्यावीत, एवढेच तिचे मागणे होते.

तिची शाळेची कल्पना तर आजही वाचण्याजोगी आहे. शाळा सरकारने काढाव्यात. पाच ते नऊ वर्षांची सर्व मुले व मुली तेथे एकत्र शिकावीत. शाळा विनामूल्य असावी. श्रीमंत व गरीब यांचा भेद दिसू नये म्हणून सर्वांचा पोशाख एकसारखा असावा. शाळेभोवती मोठे पटांगण असावे आणि या वयाच्या मुलांना एका वेळी तासाहून अधिक बसवून ठेवू नये. वाचन, लेखन व गणित यांच्याबरोबर वनस्पतींची व आकाशातील ग्रहताऱ्यांची माहिती मुलांना द्यावी. नऊ वर्षांनंतर मात्र कारागिरी व घरकाम करणाऱ्यांच्या शाळा वेगळ्या असाव्यात आणि तेथे दुपारी मुलींनी शिवणकाम शिकावे, असे तिने लिहिले. तेथे तिची दृष्टी तिच्या काळाच्या पलीकडे गेली नाही. तरीही ज्या काळी गरिबाच्या मुलालाही शाळा दुर्लभ होती, त्या काळी हा विचार केवढा धाडसाचा होता!

ग्रंथ गाजला. त्याच वर्षी त्याची दुसरी आवृत्ती निघाली, फ्रेंच भाषांतर झाले, अमेरिकेतही तो छापला गेला. काहींनी स्तुती केली, काहींनी टवाळी केली. क्रांती प्रत्यक्ष पाहण्यासाठी मेरी १७९२ च्या डिसेंबरात पॅरिसला गेली. खटल्यासाठी नेल्या जाणाऱ्या सोळाव्या लुई राजाची गाडी तिने खिडकीतून पाहिली. स्वातंत्र्याच्या नावाने सुरू झालेले कार्य रक्तपातात बुडताना तिने पाहिले. तिच्या ओळखीची माणसेही गिलोटिनच्या यंत्राखाली बळी गेली. तिला दुःख झाले, तरी तिने आपले विचार सोडले नाहीत. तेथे राहून तिने क्रांतीच्या आरंभकाळाचा इतिहास लिहिला.

पॅरिसमध्ये गिल्बर्ट इम्ले या अमेरिकन गृहस्थाशी तिचा स्नेह जुळला. विधिपूर्वक विवाह न करता ती दोघे एकत्र राहू लागली. १७९४ मध्ये मेरीला कन्या झाली. दिवंगत मैत्रिणीच्या आठवणीसाठी तिने तिचे नाव फॅनी ठेवले. पुढे इम्लेने तिची साथ सोडली. त्या आघाताने ती पार खचून गेली. तशा स्थितीतही १७९५ मध्ये तान्ह्या मुलीला व दाईला बरोबर घेऊन ती इम्लेच्याच व्यापारी कामासाठी स्वीडन, नॉर्वे व डेन्मार्क या देशांत हिंडली. त्या प्रवासाचे वर्णन तिने पत्ररूपाने लिहिले. त्यात एके ठिकाणी तिच्या मनातील खरी चिंता उमटली आहे. मुलीची बुद्धी विकसित करावी, तर या जगात तिला सुखाने जगता येईल का? आणि न करावी, तर ती माणूस म्हणून कशी वाढेल? सर्व स्त्रीजातीसाठी लेखणी उचलणाऱ्या मातेला स्वतःच्या मुलीसाठी मात्र भय वाटत होते.

पुढे विल्यम गॉडविन या विचारवंताशी तिचा परिचय वाढला आणि २९ मार्च १७९७ रोजी दोघांचा विवाह झाला. एकमेकांच्या कामाचा मान राखणारा, मित्रत्वाचा असा संसार तिला अखेर लाभला. पण तो जेमतेम पाच महिने टिकला. ३० ऑगस्ट रोजी तिला दुसरी कन्या झाली. वैद्याने आपले हात निर्जंतुक केले पाहिजेत, हे त्या काळी कोणास ठाऊक नव्हते. मेरीला सूतिकाज्वर झाला आणि १० सप्टेंबर १७९७ रोजी, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, तिचा अंत झाला. आईच्या नावानेच वाढलेली ती मुलगी पुढे मेरी शेली म्हणून प्रसिद्धीस आली. ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही जगप्रसिद्ध कादंबरी तिचीच.

पुढच्याच वर्षी गॉडविन यांनी पत्नीचे चरित्र लिहिले आणि तिच्या आयुष्यातील सारे काही निःसंकोचपणे सांगून टाकले. त्यांचा हेतू प्रेमाचा होता, परिणाम मात्र उलटा झाला. विवाहाविना संसार करणारी स्त्री म्हणून लोकांनी तिची निंदा आरंभली. तिच्या विचारांना उत्तर देण्याऐवजी तिच्या चारित्र्यावर बोट ठेवणे अधिक सोपे होते. जवळजवळ शंभर वर्षे सभ्य समाजात तिचे नाव घेणेही कठीण झाले. पण विचार मेले नाहीत. १८८२ च्या कायद्याने इंग्लंडमधील विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर हक्क मिळाला. १८९१ मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या मिलिसेंट फॉसेट यांनी मेरीच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. १९१८ मध्ये ब्रिटनमध्ये तीस वर्षांवरील पुष्कळ स्त्रियांना मताधिकार मिळाला आणि १९२८ मध्ये तो पुरुषांच्या बरोबरीचा झाला. जेथे मेरीने आपली छोटी शाळा चालवली, त्या न्यूइंग्टन ग्रीनमध्ये २०२० साली तिच्या सन्मानार्थ शिल्पही उभारले गेले.

मेरी वुलस्टनक्राफ्ट हिला पैसा, मानमरातब किंवा दीर्घायुष्य लाभले नाही. तिने लिहिलेली प्रत्येक गोष्ट तिने आधी भोगलेली होती. आईच्या बंद दाराबाहेर जागणाऱ्या मुलीला तेव्हा ते दार उघडता आले नव्हते. पण तिने मोठेपणी असे एक दार उघडले, की ज्यातून पुढे असंख्य मुली पाटी-पुस्तक घेऊन आत गेल्या. आज वर्गात शेजारी शेजारी बसून एकच पुस्तक वाचणारी मुले-मुली हेच तिचे खरे स्मारक होय.